रात्री कोण जागं असतं? बडोद्यात आई-वडिलांसाठी केअर होम बघताना

बडोद्यातल्या मराठी घरांची आता एक ठरलेली गोष्ट झाली आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला, आणि दांडिया बाजारात किंवा मांजलपुरात ऐंशी ओलांडलेली दोन माणसं. त्यातलं एक बाथरूममध्ये पडतं, खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन नीट होतं, पण डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर सांगतात, "आता चोवीस तास माणूस लागेल." रजा काढून आलेल्या लेकीकडे उरलेले असतात जेमतेम आठ-दहा दिवस. तेवढ्यात तिला जागा शोधायची असते, आणि याआधी तिने आयुष्यात अशी जागा आतून पाहिलेली नसते. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

मी वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांबरोबर अशा जागा बघायला जाते. त्यामुळे माझी नजर जरा वाकडी आहे. रिसेप्शनवरचा सोफा, बगीचा, भिंतीवरचे देव बघून होतात, पण मत त्यावर ठरत नाही. रात्री दोन वाजता आजींना शू लागली तर कोण उठणार, आणि त्या उठणाऱ्या माणसावर आणखी कितीजण अवलंबून आहेत, एवढंच मला कळून घ्यायचं असतं. हे सरळ विचारलं तर सगळीकडे गोड उत्तर मिळतं. म्हणून आडवळणाने काढावं लागतं.

आधी एक कागद भरा

फोन करायला सुरुवात करण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, आणि जेवणं. डॉक्टरही म्हाताऱ्या माणसाची स्थिती साधारण याच सहा गोष्टींवरून जोखतात. प्रत्येकीपुढे खरं काय ते लिहा: स्वतः करते, हात द्यावा लागतो, की सगळंच दुसऱ्याने करावं लागतं. त्याखाली रात्री किती वेळा उठते, पाणी पिताना ठसका लागतो का, इन्शुलिन आहे का, कुठे जखम आहे का, संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होतं का, दार उघडं दिसलं तर बाहेर जाते का.

हे लिहिताना आईचा वाईटातला वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवा. घरचे लोक नेहमी चांगला दिवस सांगतात. "तशी आई चालते हो," असं म्हणणाऱ्या घरात मी गेले आणि पाहिलं तर दोघांनी काखेत हात घालून उचललेलं. त्या 'चालते'च्या भरवशावर जागा ठरली, तर पंधरा दिवसांत त्यांचा फोन येतो की हे आमच्याने होणार नाही, किंवा महिन्याची रक्कम वाढते.

कागद तयार झाला की कोणत्या प्रकारची जागा शोधायची हे आपोआप ठरतं. ट्रस्टचे वृद्धाश्रम बहुतेक चालत्याफिरत्या माणसांसाठी असतात. तिथे सोबत असते, भजन असतं, शिस्त असते, पण माणूस अंथरुणाला खिळला की घरच्यांना बोलावतात. बंगल्यात किंवा एखाद्या इमारतीच्या एक-दोन मजल्यांवर चालवलेली खाजगी केअर सेंटरं अंथरुणावरचे, नळीने जेवणारे, कॅथेटरवाले (लघवीला नळी लावलेले) पेशंट घेतात. तिथे सोबत कमी, काळजी जास्त. ऑपरेशननंतर फक्त दोन-तीन महिने व्यायाम आणि शुश्रूषा हवी असेल तर ते वेगळं, आणि तसं आधीच बोलून घ्यावं. फोनवरचा पहिला प्रश्न हाच ठेवा: "उद्या आई पूर्ण अंथरुणाला खिळली तर ठेवाल का? नाकात नळी टाकावी लागली तर? विस्मरण वाढून ती रात्री ओरडायला लागली तर?" जिथे "तेव्हा बघू" असं उत्तर येतं, तिथे तेव्हा तुम्हालाच बघावं लागणार आहे.

आणि जिच्यासाठी हे चाललंय तिला विचारा. डोकं शाबूत असेल तर निर्णय तिचा. "चार दिवस हवापालट" असं सांगून नेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती पुढे कित्येक महिने कुणाशी धड बोलत नाहीत. त्यापेक्षा दोन जागा तिला चहाला घेऊन जाऊन दाखवा. पलंगावरून खिडकी दिसते का, शेजारची बाई कशी वाटली, हे ती तुमच्याहून बरं सांगेल.

नकाशा, आणि विश्वामित्री

बडोद्यात जागा निवडताना नदी विसरून चालत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे वीस इंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री काळाघोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कारेलीबागचा काही भाग, सगळीकडे तळमजल्यांत पाणी, वीज बंद, लष्कर बोलवावं लागलं. मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. तळमजल्यावरच्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचं काय झालं, ते फारसं कुणी विचारलं नाही.

तुम्ही विचारा. "२०२४ च्या पुरात इथे पाणी आलं होतं का? तळमजल्यावरच्यांना कुठे नेलं? लाइट गेल्यावर काय केलं?" जिथे खरोखर निभावलं आहे तिथला माणूस तपशील सांगतो. कुणाला चादरीत उचलून जिन्याने वर नेलं, जनरेटरचं डिझेल कधी संपलं, दूध कोणी आणून दिलं. "आमच्याकडे काही त्रास झाला नाही" एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. बाहेर पडून शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर होतं ते दाखवील. एअर बेडचा म्हणजे हवेच्या गादीचा पंप, ऑक्सिजनचं मशिन, घशातला कफ ओढायचं सक्शन, लिफ्ट हे सगळं विजेवर चालतं. त्यामुळे जनरेटर आहे का एवढं पुरत नाही. लिफ्ट त्यावर चालते का आणि किती तास, तेही विचारायचं. जमलं तर समोर चालवूनच दाखवायला सांगा.

पूर आला की पुलांवरची वाहतूक बंद होते आणि शहराचे दोन तुकडे होतात. मोठं सरकारी सयाजी हॉस्पिटल पूर्वेच्या काठाला. गोत्री, वासणा, अकोटा पश्चिमेला. म्हणून नदीच्या कोणत्या बाजूला जागा आहे आणि त्याच बाजूला रात्री उघडं असणारं कोणतं हॉस्पिटल आहे, हे बघून ठेवा.

वाघोडिया रोडच्या पार टोकाला किंवा पादरा रोडला शेतात बांधलेल्या जागा फोटोत फार छान दिसतात. मोर येतात, हवा असते. पण मला विचाराल तर जागा त्याच्याजवळ घ्या जो आठवड्यातून दोनदा जाणार आहे. मग तो भाचा असो, शेजारी असो, की तुमच्या वडिलांचा जुना बँकेतला मित्र. ज्या पलंगापाशी वरचेवर कुणीतरी बाहेरचं येऊन उभं राहतं त्या पलंगाची चादर वेळेवर बदलली जाते. हे कडू आहे, पण चांगल्या जागीही असंच असतं.

कागदपत्रं

यावर फार वेळ घालवू नका, पण मागा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचा हिशेब. वैद्यकीय उपचार देत असतील तर गुजरात क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०२१ खालची नोंदणी. फायर एनओसी, तिच्यावरच्या तारखेसकट. नर्सची गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण, एएनएम म्हणजे दोन वर्षांचं, आणि जीडीए म्हणजे काही महिन्यांचा मदतनिसाचा कोर्स. पांढरा किंवा निळा कोट तिघींच्याही अंगावर असतो. जाहिरातीत 'चोवीस तास नर्सिंग' असेल तर आत्ता या क्षणी ड्युटीवर असलेली नर्स कोण, हे विचारा आणि तिच्याशी दोन मिनिटं बोला.

कागद दाखवायला खळखळ करणाऱ्या जागेचा विचार मी पुढे करत नाही. कागद चोख आहेत म्हणून जागा चांगली, असंही मात्र नाही.

एकदा सांगून जा, एकदा न सांगता

सांगून गेल्यावर तुम्हाला दाखवण्यासारखं दिसतं. तेही बघा, खोल्या, दर, नियम समजून घ्या. त्यानंतर एखाद्या दिवशी न सांगता संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जा, कारण तेव्हा जेवण असतं आणि ड्युटी बदलायची घाई असते. "आत येऊ देत नाही, रविवारीच या" असं म्हणाले तर तीही माहितीच झाली. संसर्गाच्या दिवसांत थोडी बंधनं समजू शकतात, एरवी भेटीची वेळ इतकी आवळलेली नसावी.

आत शिरल्यावर आधी नाक. एखाद्या खोलीत लघवीचा वास असणं स्वाभाविक आहे, आत्ताच काहीतरी झालं असेल. सगळ्या पॅसेजभर मुरलेला वास म्हणजे डायपर वेळेवर बदलत नाहीत. आणि फिनेलचा भपकारा आला तर त्याखाली काय झाकलंय तेही शोधा.

मग हात. म्हाताऱ्यांची नखं कापलेली आहेत का, पुरुषांच्या दाढ्या केलेल्या आहेत का, बायकांचे केस विंचरलेले आहेत का. कवळी वाटीत पडून आहे की तोंडात? चष्मा पुसलेला आहे? कानाचं मशिन कानात आहे की कपाटात? या गोष्टींना पैसे लागत नाहीत, माणसाचा वेळ लागतो. म्हणून त्यावरून माणसं पुरेशी आहेत का ते कळतं.

पाण्याचा पेला कुठे ठेवला आहे ते बघा. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही. टेबल पलंगापासून हातभर लांब आणि पेल्यावर झाकण, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता आधी तिकडेच नजर जाते. घंटीची दोरी किंवा बटणही तसंच: हाताशी आहे की भिंतीला गुंडाळून ठेवलंय? एकदा दाबून बघा आणि घड्याळ लावा.

परवानगी मिळाली तर अंथरुणावरच्या एखाद्या आजींच्या टाचा आणि माकडहाडाची जागा बघायची, असा माझा हट्ट असतो, कारण एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा तिथे आधी दिसतात. अनोळखी माणसाला ते जमणार नाही, हे मला कळतं. तुम्ही निदान एवढं विचारा: "कूस किती वेळाने बदलता, आणि कुठे लिहिता?" उत्तर दोन तासांचं हवं आणि पलंगाशी तक्ता लटकलेला हवा. तक्त्यावर दिवसभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच ओघात केलेल्या दिसल्या तर समजून जा. "आमच्याकडे एअर बेड आहे, कूस बदलायची गरज नाही," हे उत्तर चूक आहे. एअर बेडने मदत होते, पण कूस बदलावीच लागते.

एका ठिकाणचं सांगते. इमारत जुनी, रंग उडालेला, लिफ्टचं दार हाताने ओढायचं. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक बेन (इथे मदतनीस बाईला बेनच म्हणतात) एका आजोबांना खिचडी भरवत होती. आजोबांना अर्धांगवायू झालेला. ती एक चमचा द्यायची, मग त्यांच्या गळ्याकडे बघत थांबायची. घाटी वर जाऊन खाली आली की दुसरा. मध्येच त्यांच्या गालात बोट घालून घास राहिला नाही ना ते पाहिलं. जेवण झाल्यावर आडवं केलं नाही, तीन उशा लावून बसवूनच ठेवलं आणि म्हणाली, "दादा, हमणां सुवानुं नहीं." म्हणजे आजोबा, आत्ता आडवं व्हायचं नाही. अर्धा तास. तिला हे कुणीतरी शिकवलं होतं आणि ते पाळायला वेळही दिला होता. त्याच आठवड्यात मी एका चकचकीत ठिकाणी एकच बाई चार खुर्च्यांमधून फिरत चौघांना आळीपाळीने घास भरवताना पाहिली. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो, आणि अशा पेशंटचं बरंचसं हॉस्पिटल त्यातूनच सुरू होतं.

बाथरूम शेवटी बघा, पण बघाच. कमोडशेजारी पकडायला दांडा, अंघोळीला पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दार बाहेर उघडणारं, व्हीलचेअर आत जाईल एवढी रुंदी. आणि बायकांना अंघोळ कोण घालतं हे स्पष्ट विचारा. संकोचू नका.

हातांचा हिशेब

आता मूळ मुद्दा. मॅनेजरला विचारा की एकूण राहणारे किती, त्यातले अंथरुणावरचे किती, दिवसा किती बेन-भाई आणि रात्री किती. "आमच्याकडे बारा जणांचा स्टाफ आहे" यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, वॉचमन, माळी सगळे धरलेले असतात. फक्त पेशंटला हात लावणारे मोजा, ते शिफ्टमध्ये वाटा, साप्ताहिक सुटी वजा करा. मग रात्रीचा खरा आकडा निघतो. दर दोन तासांनी कूस बदलायची असे दहा पेशंट आणि रात्री एकच बाई असेल, तर ते होत नाही. कितीही मनापासून करणारी असो, एका बाईने एकटीने जड माणसाला वळवायचं म्हणजे तिची कंबर जाते किंवा त्यांची कातडी सोलवटते.

रात्रीच्या शिफ्टला झोपायची परवानगी आहे का, हेही विचारा. बारा तासांची रात्र करून तीच बाई सकाळी पुन्हा ड्युटीवर आहे का? सर्वांत जुनी बेन किती वर्षं आहे? हा शेवटचा प्रश्न मॅनेजरऐवजी तिलाच विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर तुमच्या आईला कोणत्या कुशीवर झोप लागते हे कुणालाच कधी कळणार नाही.

आणि इथला खास प्रश्न: होळीत कोण असतं? बडोद्यातल्या केअर होममध्ये काम करणाऱ्या कितीतरी बायका आणि मुलं दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडची. तिकडे होळी हा वर्षाचा सण. त्या आठवड्यात ते गावाला जातात, जायलाच हवं. दिवाळीत लाभपंचमीपर्यंत शहरच थंडावतं, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत तरुण पोरं गच्चीवरून खाली उतरत नाहीत. चांगली जागा दोन महिने आधी पाळ्या लावते, थांबणाऱ्याला वेगळे पैसे देते. वाईट जागा त्या दिवसांत डायपर दोन घालते आणि रात्री झोपेची गोळी देते. तुमची निवड फेब्रुवारी-मार्चमध्ये होणार असेल तर होळीच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत मुद्दाम जाऊन या.

औषधं, आणि फार शांत असलेली खोली

प्रत्येक पेशंटचा औषधांचा तक्ता असावा: नाव, डोस, वेळ, दिल्याची सही. गोळ्या कोण काढून ठेवतं आणि कोण देतं? इन्शुलिन फ्रिजमध्ये आहे ना, टोचणारी नर्स आहे की "शिकलेली" मुलगी? साखर खाली गेली तर काय करता, हे ड्युटीवरच्या मुलीला विचारा. घाम, थरथर, बडबड, आणि शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी, इतकं तिला पाठ हवं.

सकाळी अकरा वाजता सगळी खोली झोपलेली असेल तर मला शंका येते. विस्मरणाच्या पेशंटना गप्प ठेवण्यासाठी झोपेची किंवा मनोविकाराची औषधं सर्रास दिली जातात. कधी ती लागतातही. पण कोणत्या डॉक्टरने, कशासाठी, किती दिवसांकरता लिहून दिली हे कागदावर असावं आणि तुम्हाला विचारल्याशिवाय नवी सुरू होऊ नये. पलंगाला हात बांधण्याबद्दलही तसंच थेट विचारा. "कधीच नाही" म्हणणाऱ्यांपेक्षा "नळी ओढतात तेव्हा हातमोजा घालतो, घरच्यांना कळवतो" असं सांगणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो.

डॉक्टर किती दिवसांनी येतात, आणि मधल्या काळात हॉस्पिटलला न्यायचं कोण ठरवतं? १०८ बोलावल्यावर अँब्युलन्समध्ये सोबत कोण बसतं? आणि ज्यावर हमखास सगळे अडकतात ते: ॲडमिट झाल्यावर हॉस्पिटल पेशंटजवळ एक नातेवाईक मागतं. तुम्ही सिॲटलला असाल तर तिथे कोण बसणार? काही जागा वेगळे पैसे घेऊन माणूस देतात, काही दारापर्यंत सोडून परत येतात. आधी ठरवा. एक गोष्ट अशी जागा चालवणाऱ्यालाही माहीत असावी: म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं तर "वयाने होतं" म्हणून सोडायचं नाही. लघवीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, रक्तातलं मीठ (सोडियम) उतरणं, यांतलं काहीतरी बहुधा निघतं आणि वेळेत कळलं तर बरं होतं.

ताट आणि बोली

गुजराती जेवण हलकं, चांगलं. खिचडी-कढी तर म्हातारपणासाठीच केली असावी. पण डाळीत रोज गूळ असतो, आणि मधुमेह असलेल्यांना तीच डाळ वाढली जाते. वेगळी काढतात का विचारा. दुसरं म्हणजे वेळ. संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता म्हणजे मध्ये चौदा तास. इन्शुलिनवाल्याला पहाटे साखर उतरण्याची भीती असते. झोपताना कपभर दूध किंवा दोन बिस्किटं मिळतात का, एवढं ठरवून घ्या. कांदा-लसूण चालत नाही असा नियम असलेल्या जागा आहेत. वडिलांना सुक्या बोंबलाची आठवण येत राहणार असेल तर त्याचाही विचार करा. डबा आणलेला चालतो का?

बोलीचं अधिक गंभीर आहे. आयुष्यभर बाजारात अस्खलित गुजराती बोललेली आई विस्मरण वाढलं की मराठीवरच येते, त्यातही माहेरच्या मराठीवर. तिथल्या बेन सगळ्यांनाच 'बा' आणि 'दादा', म्हणजे आजी आणि आजोबा, म्हणतात, प्रेमाने म्हणतात. पण 'नको', 'मळमळतंय', 'कूस बदल', 'गार वाजतंय' हे त्यांना कळेलच असं नाही. कळलं नाही की त्या म्हणतात बा चिडचिड करतात. घरच्यांनी असे पंधरा-वीस शब्द गुजराती अक्षरांत लिहून पलंगाशी चिकटवावेत, शेजारी अर्थ. रात्रपाळीच्या बाईला वाचता येत नसेल तर एकदा बसून ऐकवा. स्टाफमध्ये एकजण जरी मराठी समजणारी असेल तर तिची शिफ्ट कोणती ते विचारून ठेवा.

पैसे

महिन्याची रक्कम ऐकून तुलना करू नका. त्यात काय नाही, ते एका कागदावर लिहून मागा: डायपर, औषधं, डॉक्टरची व्हिजिट, फिजिओ, एसीचं मीटर, कपडे धुणं, कॅथेटर बदलणं, हॉस्पिटलात सोबत. दोन जागांची ही बेरीज केल्यावर स्वस्त वाटणारी बऱ्याचदा महाग निघते. डिपॉझिट कधी आणि किती दिवसांत परत मिळणार, आई महिनाभर हॉस्पिटलात असेल तर त्या महिन्याचे पैसे लागणार का, वर्षाला किती वाढ, नोटीस किती दिवसांची, हे करारात हवं. तोंडी काही धरू नका. आयुष्यभराची रक्कम एकदम भरून "कायमची सोय" असं कुणी सुचवलं, तर घरातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. घर नावावर करून द्यायचं असेल तर त्याहून नको.

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढून ठेवा. पण ते हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी आहे, केअर होमच्या महिन्याच्या खर्चासाठी नाही.

आणखी एक विचारायचं राहतं, कारण ते तोंडातून निघत नाही. रात्री गेले तर काय? कुणाला आधी फोन, मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण डॉक्टर देणार, परदेशातून मुलगा येईपर्यंत कुठे ठेवणार, खासवाडी स्मशानात नेण्याची व्यवस्था कोण करणार. नोंदणी २१ दिवसांत व्हावी लागते आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डासारखंच असलेलं बरं, नाहीतर पुढे बँकेत फेऱ्या होतात. हे शांत डोक्याने आज बोलून ठेवलेलं बरं.

पहिला महिना

शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांची किंवा महिन्याची बोली करा. आत जाण्याच्या दिवशी वजन करा आणि पाठ, टाचा, कंबर यांचे फोटो काढून ठेवा. मॅनेजरच्या देखत काढा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. महिन्याने पुन्हा वजन करा. साठ किलोच्या माणसाचं महिन्यात तीन किलो उतरलं तर ताबडतोब कारण शोधायचं.

पहिले दोन आठवडे आई "घरी ने" म्हणणार. त्यावरून जागा वाईट ठरत नाही. ती ठराविक एका माणसाला बघून दचकते का, दंडावर बोटांचे वण आहेत का, तुम्ही आल्यावर स्टाफ खोलीतून हलतच नाही का, हे बघा. लांब असाल तर व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी लावू नका. अधूनमधून वेळ बदला, आणि सांगा, "जरा पाय दाखव ग आई." भेटायला जाणाऱ्याने बेनचं नाव घेऊन चौकशी करावी, तिच्या मुलांचं विचारावं. सणाला पैसे द्यायचे तर मॅनेजरला सांगून, सगळ्यांना सारखे द्या. एकीलाच गुपचूप दिले की बाकीच्या तुमच्या आईच्या घंटीला उठत नाहीत.

बिनसलं तर

तक्रार आधी तोंडी, त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी, तारखेनिशी, फोटोसकट. चांगली जागा दोन दिवसांत काय केलं ते सांगते. मारहाण किंवा उपाशी ठेवणं असेल तर मॅनेजरची वाट न बघता ११२ ला फोन आणि आईला तिथून हलवा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. डिपॉझिट अडवलं, कबूल केलेली सेवा दिली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यातल्या मुलाला त्यासाठी बडोद्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

दुसरीकडे हलवायचं ठरलं तर निघायच्या दिवशी हात हलवत बाहेर पडू नका. औषधांच्या तक्त्याची प्रत, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी, कॅथेटर किंवा नळी शेवटची कधी बदलली ती तारीख, सगळे रिपोर्ट, मूळ आधार आणि आयुष्मान कार्ड, कवळी, चष्मा, कानाचं मशिन. पाठीचे-टाचांचे फोटो पुन्हा काढा. आणि जिने आईचं खरोखर केलं त्या बेनला विचारून घ्या की तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, गोळी कशाबरोबर गिळते, चिडली की काय केल्यावर शांत होते. हे कुठल्याही फाइलमध्ये नसतं, तेव्हा लिहून घ्या आणि नव्या जागेच्या रात्रपाळीच्या हातात द्या.